‘याच्यावर आता इलाज नाही’ ते क्लोझापिन : भावाच्या स्किझोफ्रेनियाच्या उपचारांचा आमचा अनुभव

१९ सप्टेंबर २०२५ ला माझ्या भावाला क्लोझापिन हे औषध सुरू होऊन तीन वर्षं झाली. बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण त्याची परवानगी घेतल्याशिवाय लिहायचं नव्हतं, ती त्याने आता दिली, नाव आणि गाव सोडून सगळं लिही म्हणाला. लिहितेय ते जानेवारी २०२२ मधल्या माझ्यासारख्या कुणासाठी तरी. तेव्हा मी रात्री अडीच वाजता मोबाईलवर ‘सगळे मानसिक आजार बरे होतात का’ असं टाईप करत बसायचे. जे सापडायचं ते दोन टोकांचं, एक तर मन खंबीर ठेवा सगळं बरं होतं, नाहीतर हा जन्मभराचा आजार, स्वीकारा. आमच्या घरात जे चाललं होतं ते या दोन्हीत कुठेच बसत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. खाली जे डोस लिहिलेत ते त्याचे आहेत, ते बघून कुणी स्वतःच्या गोळ्या बदलू नका.

तर सुरुवात २०१८ च्या शेवटी. तो तेव्हा २१ चा, कॉलेजचं शेवटचं वर्ष. आधी मित्रांचे फोन घेणं बंद झालं, मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, मग आंघोळ चार चार दिवस नाही. मला वाटलं परीक्षेचं टेन्शन, आईला वाटलं प्रेमभंग, बाबांना वाटलं आळस. तिघांनी आपापल्या परीने त्याला समजावलं आणि त्यात चार महिने गेले. मार्च २०१९ मध्ये एका रात्री तो उठून हॉलच्या भिंतीला कान लावून उभा होता, मला म्हणाला, ‘ताई, हळू बोल, ते लिहून घेतायत.’ त्याच्या आवाजात जी भीती होती ती इतकी खरी होती की मीही दोन सेकंद भिंतीकडे बघितलं.

११ मार्च २०१९, पहिली मानसोपचार ओपीडी. केस पेपर काढायला पाऊण तास, मग आत जायला तीन तास, त्याला गर्दीत बसवेना म्हणून आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. (नंतर कळलं की काउंटरवर सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी अशा पेशंटला आधी घेतात किंवा बाजूच्या खोलीत बसू देतात, फक्त विचारावं लागतं.) डॉक्टरांनी त्याच्याशी वेगळं, आमच्याशी वेगळं बोलून घेतलं आणि तपासण्यांची चिठ्ठी दिली. थायरॉईड, बी१२, सिफिलिसची टेस्ट, मेंदूचा एमआरआय, अजून बरंच. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले शरीरातल्या काही आजारांनी पण अशीच लक्षणं येतात, ते आधी वगळायचे असतात.

ते आठ दिवस मी देवाकडे मागत होते की यातला एखादा रिपोर्ट खराब येऊ दे. कारण मी वाचलं होतं की शंभर वर्षांपूर्वी मनोरुग्णालयांतल्या किती तरी खाटा मेंदूत गेलेल्या सिफिलिसच्या पेशंटनी भरलेल्या असायच्या आणि पेनिसिलीन आल्यावर ते वॉर्डच रिकामे होत गेले. पेलाग्रा नावाचा आजार, त्यात माणसं भ्रमिष्ट व्हायची, तो निघाला एका व्हिटॅमिनची कमतरता. २००७ मध्ये तर डॉक्टरांनी मेंदूची अशी एक सूज ओळखली की ज्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते, दिसतं थेट वेड लागल्यासारखं आणि वेळेत उपचार झाले तर बरेचसे लोक बरे होतात. म्हणजे ज्या आजाराचं पक्कं कारण सापडलं आणि जो मुळापासून जाऊ लागला तो हळूहळू मानसिक आजारांच्या यादीतूनच निघून गेला. त्यामुळे ‘मानसिक आजार पूर्ण बरे होत नाहीत’ हे वाक्य ऐकलं की मला आता वाटतं, जे झाले त्यांना आपण दुसऱ्याच नावाने ओळखायला लागलो. आमचे रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल आले. बाबा म्हणाले बरं झालं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

निदान स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटणं हा आजार. पहिलं औषध रिस्पेरिडोन, २ मिलिग्रॅमपासून ६ पर्यंत. पाचव्या आठवड्यात भीती जरा कमी झाली पण त्याचे हात कडक झाले आणि पाय त्याला स्वस्थ बसू देईनात, रात्रभर येरझाऱ्या. त्याने गोळ्या जिभेखाली ठेवून नंतर टाकून द्यायला सुरुवात केली, आम्हाला कळलं तेव्हा जुलै संपला होता. मी त्याच्यावर खूप ओरडले. आज ते आठवलं की पोटात तुटतं, कारण त्याचे पाय जळत होते आणि मी त्याला बेजबाबदार म्हणत होते. साईड इफेक्ट डॉक्टरांना नीट सांगितला असता तर त्यावर वेगळी गोळी मिळाली असती, नंतर मिळाली पण.

इथे एक गोष्ट, जी आम्हाला पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडली. ऑगस्ट २०१९ पासून मी एक साधी वही ठेवली. औषधाचं नाव, डोस, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, त्या काळात खरंच घेतलं का, काय फरक पडला, काय त्रास झाला. बस एवढंच. पहिल्या डॉक्टरांनी ती कधी उघडून पाहिली नाही पण त्या वहीमुळे तीन वर्षांनी आमचा रस्ता बदलला.

नोव्हेंबर २०१९, दुसरं औषध ओलान्झापिन, २० मिलिग्रॅमपर्यंत. या वेळी गोळी आई समोर बसून देत होती, चुकवायला जागाच नव्हती. झोप लागायला लागली, वजन सहा महिन्यांत १४ किलो वाढलं, भिंतीतले आवाज ‘लांब गेले’ असं तो म्हणायचा पण थांबले नाहीत. मग २०२०, ओपीडी बंद, फोनवर तीन मिनिटांत विचारपूस आणि जुनीच चिठ्ठी पुढे. २०२१ मध्ये तिसरं औषध वर चढवलं, मग चौथं. दिवसातले सोळा तास झोप, उरलेल्या वेळात भिंतीकडे बघत पुटपुटणं. या दोन वर्षांबद्दल लिहायला फारसं काही नाही, आणि हेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

१७ जानेवारी २०२२. डॉक्टर बदलले होते, नवीन डॉक्टरांनी फाईल चाळली आणि आम्हाला म्हणाले, याच्यावर आता इलाज नाही, आहे तसं सांभाळत राहा, अपेक्षा ठेवू नका. रागाने नाही म्हणाले, दमलेल्या आवाजात म्हणाले. बाहेर बाकावर भाऊ बसला होता. ‘ताई, काय म्हणाले?’ मी म्हटलं, काही नाही रे, औषध तेच ठेवलंय. घरी येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही. रात्री आई म्हणाली, आपण गेल्यावर याचं कोण बघणार, आणि त्या वाक्यानंतर मी वाचायला लागले.

वाचता वाचता कळलं की त्याच्यासारख्या पेशंटसाठी एक ठरलेली व्याख्या आहे. दोन वेगवेगळी अँटीसायकॉटिक (म्हणजे असे भास-भ्रम कमी करणारी) औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी निदान सहा आठवडे, पेशंटने खरोखर घेऊन, आणि तरी फरक पडला नाही तर त्याला उपचारांना दाद न देणारा स्किझोफ्रेनिया म्हणतात. स्किझोफ्रेनियाच्या साधारण दर तीन पेशंटमागे एक या गटात जातो. आणि या गटासाठी एक खास औषध आहे, क्लोझापिन. ते काही नवीन नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे काही पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम पडल्या, आठ जण दगावले, आणि औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. मग १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६८ अशा पेशंटवर अभ्यास केला ज्यांना आधीच्या औषधांनी काहीच फरक पडला नव्हता. सहा आठवड्यांत जुन्या औषधावर ४ टक्के लोक सुधारले आणि क्लोझापिनवर ३० टक्के. पुढच्याच वर्षी रक्ततपासणीच्या कडक अटीवर तिथे त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे ज्याला ‘इलाज नाही’ असं सांगितलं होतं त्याच्यासाठीचा इलाज माझ्या भावाच्या जन्माआधीपासून होता. हे वाचलं त्या रात्री मला आनंद झाला नाही, राग आला, खूप राग आला.

पुढच्या व्हिजिटला मी डॉक्टरांना विचारलं. रक्ताची भानगड आहे, धोका आहे, आम्ही इथे सुरू करत नाही, असं उत्तर आलं. धोका आहे हे खरंच आहे. पण ‘आम्ही करत नाही’ आणि ‘इलाज नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्हाला दुसरीच सांगितली गेली होती.

मग सेकंड ओपिनियन. नवीन ठिकाणी म्हणाले जुनी सगळी केस समरी आणा. जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला २१ फेब्रुवारीला. पहिल्यांदा सांगितलं पेशंटची सही हवी, तो सज्ञान आहे, बहिणीची चालणार नाही. बरोबरच आहे ते, पण त्या आठवड्यात तो पेनालाही हात लावत नव्हता, त्याला वाटायचं सही केली की त्याचे विचार बाहेर जातील. दहा दिवस थांबलो. एका बऱ्या सकाळी त्याने सही केली, मग मी एकदम तीन कोऱ्या अर्जांवर आणि एका अधिकारपत्रावर त्याच्या समोर वाचून दाखवून सह्या घेतल्या. हे तुम्हीही करा, माणूस शांत असेल त्या दिवशी, समजावून, त्याच्या मर्जीने. मग फोटो आयडीची प्रत राहिली, मग २०२० चे फोनवरचे पेपर फाईलमध्येच नाहीत. एकूण सात आठवडे लागले. वर नवीन ठिकाणची अपॉइंटमेंट ६ जूनची मिळाली.

६ जून २०२२. या डॉक्टर मॅडमनी केस समरी बाजूला ठेवली आणि माझी वही मागितली. वीस मिनिटं वाचली. मग थेट भावाला विचारलं, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ तो म्हणाला, रात्री झोपू देत नाहीत. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, आम्ही पण नाही. आम्ही विचारायचो गोळी घेतलीस का.

मी शेवटी तो माझा रात्री अडीचचा प्रश्न विचारला, मॅडम सगळे मानसिक आजार बरे होतात का. त्या म्हणाल्या, उपचार जवळजवळ प्रत्येक आजारावर असतात, म्हणजे काही ना काही त्रास कमी करता येतो. पूर्ण बरं होणं काहींच्या वाट्याला येतं, काहींच्या नाही, आणि कोण कुठल्या गटात हे मला आज सांगता येणार नाही. पण याचे उपचार अजून संपलेले नाहीत हे मी नक्की सांगू शकते. मी हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, तारीख टाकून.

लगेच काही सुरू झालं नाही. आधी ओलान्झापिनची रक्तातली पातळी तपासली, औषध खरंच पोटात जातंय ना हे बघायला, कारण गोळीच जात नसेल तर औषध फेल गेलं असं म्हणता येत नाही. पातळी व्यवस्थित होती. मग सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), ईसीजी, शुगर, कोलेस्टेरॉल, वजन, कंबरेचं माप, आणि हृदयासाठी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा आहे का ते कळतं) आणि सीआरपी (शरीरात सूज आहे का ते कळतं) या रक्ततपासण्या. संमतीपत्र सहा पानांचं होतं. मॅडमनी ते त्याला वाचून दाखवलं, आम्हाला बाजूला बसवून. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी, ती बहुतेक करून पहिल्या काही महिन्यांत, म्हणून आमच्याकडे नियम असा की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, मग वर्ष होईपर्यंत पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा. (काही ठिकाणी पहिले सहा महिने दर आठवड्याला असतं, तुमच्याकडे काय ते विचारून घ्या.) भावाने विचारलं, म्हणजे आधी अठरा वेळा? मग घरी येऊन त्याने कागदावर अठरा चौकोन आखले आणि कपाटाच्या दाराला लावले. तो ‘हो’ म्हणाला ते त्या चौकोनांतून म्हणाला असं मला वाटतं.

१९ सप्टेंबर २०२२, ॲडमिट, पहिला डोस १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. हे औषध मुंगीच्या पावलांनी वाढवतात, रोज बीपी, नाडी, ताप बघून. बारा दिवस आम्ही तिथे होतो. शेजारच्या खाटेवर एक काकू होत्या, इतक्या खोल डिप्रेशनमध्ये की पाणी पण गिळत नव्हत्या, त्यांना ईसीटी, म्हणजे ज्याला लोक शॉक म्हणतात ते, भूल देऊन देत होते. मला त्या शब्दाचीच भीती वाटायची. पाचव्या वेळेनंतर त्या उठून बसल्या आणि माझ्याकडे कंगवा मागितला. घरी गेल्या तेव्हा चालत गेल्या. त्यांच्या यजमानांनी सांगितलं की याआधीही एकदा असंच झालं होतं आणि मधली नऊ वर्षं त्या पूर्ण ठीक होत्या, नोकरी करत होत्या. एकाच वॉर्डात, दोन खाटांमध्ये हाताचं अंतर, आणि ‘बरं होणं’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे किती वेगळा.

डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी त्याला १०१ ताप आला. या औषधावर असताना पहिल्या दोन महिन्यांत ताप आला तर घरी बसून वाट बघायची नाही असं सांगितलेलं, कारण पेशी पडल्या असू शकतात किंवा हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. इमर्जन्सीमध्ये ज्युनिअर डॉक्टरांना क्लोझापिन म्हटलं तर त्यांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे मॅडमनी दिलेलं एक पानाचं पत्र होतं, औषध कोणतं, कधीपासून, ताप आल्यास कोणत्या तपासण्या तातडीने करायच्या. त्या पत्रामुळे तासाभरात रक्त गेलं. पेशी नीट, ट्रोपोनिन नॉर्मल, सीआरपी किंचित वाढलेला. सुरुवातीला येणारा साधा ताप होता, तीन दिवसांत गेला. असं पत्र मागून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. त्या तासाभरात बाबा माझा हात धरून बसले होते, मी लहान असताना धरायचे तसा.

मग सुरू झाला दर सोमवारचा दिनक्रम. सकाळी रक्त, दुपारी रिपोर्ट, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १५०० च्या वर असतील तर फार्मसी पुढच्या आठवड्याच्या गोळ्या देणार, रिपोर्ट नाही तर गोळ्या नाहीत. सातव्या आठवड्यात सॅम्पल गोठलं, फोन आला की पुन्हा या, तोपर्यंत फार्मसी बंद. घरात एका दिवसाच्या गोळ्या उरल्या होत्या. यात गंमत नाही, कारण ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर परत १२.५ पासून सुरुवात करावी लागते, एकदम जुना डोस घेतला तर धोक्याचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॅबच्या दारात उभी होते मी. त्यानंतर आम्ही रक्त द्यायचा दिवस गोळ्या संपायच्या दोन दिवस आधीचा करून घेतला, साधी गोष्ट पण आधी सुचली नव्हती.

खर्चाचं बोलायचं तर गोळ्या आम्हाला आधीच्या चार औषधांपेक्षा स्वस्त पडल्या. महाग पडल्या त्या तपासण्या, आणि सगळ्यात महाग माझ्या सुट्ट्या. अठरा अर्धे दिवस. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या पगाराचा साधारण सहावा भाग यातच गेला. ऑफिसमध्ये मी आधी खोटं सांगायचे, दातांचं काम चालू आहे म्हणून, सहाव्या सोमवारी मॅनेजरला खरं सांगितलं. त्यांनी वेळ बदलून दिली आणि पुढे कधीच काही विचारलं नाही.

साईड इफेक्टचं कुणी मोकळेपणाने सांगत नाही म्हणून सांगते. रात्री लाळ इतकी गळायची की उशी पिळून निघेल. झोप प्रचंड. नाडी वेगात. वजन आधीच वाढलेलं होतं ते अजून वाढलं. आणि बद्धकोष्ठता. ही शेवटची गोष्ट किरकोळ समजू नका, आतडी इतकी संथ होतात की त्यातून जीव गेल्याच्या नोंदी आहेत, लोक रक्ताला घाबरतात आणि पोटाकडे लक्ष देत नाहीत. आम्हाला पहिल्या दिवसापासून पोट साफ राहायचं औषध दिलेलं, आणि भावाला रोज विचारायचं, लाज न बाळगता. तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना फोन.

डिसेंबर संपला. चौदा चौकोन रंगवून झाले होते, भिंतीतले लोक तसेच होते. माझी आशा तेव्हा खरंच संपली. वाटलं आपण त्याला उगाच इतक्या सुया टोचल्या. मॅडमनी क्लोझापिनची पातळी तपासायला सांगितली, ती आली १९० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). त्या म्हणाल्या साधारण ३५० च्या वर गेल्याशिवाय आणि मग निदान तीन महिने दिल्याशिवाय हे औषध चाललं नाही असं म्हणायचं नाही. त्याच्या कमी पातळीचं एक कारण सिगरेट. धुरामुळे यकृत हे औषध फार वेगाने संपवतं. डोस ३०० वरून हळूहळू ४०० केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पातळी ४२०.

आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मी संध्याकाळी ऑफिसमधून येऊन बूट काढत होते, तो दारात उभा होता, म्हणाला, ‘ताई, चष्मा कधी बदललास?’

चष्मा बदलून दोन वर्षं झाली होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं तर आई तिथेच खाली बसली.

त्यानंतर सगळं सरळ वर गेलं असं नाही. मे महिन्यात तो स्वतःच म्हणाला की आवाज आहेत, पण आता ते ‘लिहून घेणारे’ नाहीत, नुसते बडबडणारे आहेत. मग आवाजांसोबत कसं राहायचं यासाठी थेरपी, १६ सेशन, त्यासाठी परत वेगळी वेटिंग लिस्ट, पाच महिन्यांची. त्यात तो एक गोष्ट शिकला जी तो अजून करतो, आवाज वाढले की मोठ्याने वाचायला लागतो. २०२४ मध्ये त्याने सिगरेट सोडायची ठरवली, आम्ही सगळे खूश, आणि दहा दिवसांत तो जागा होईना. धूर थांबल्यामुळे औषधाची पातळी चढली होती, ७०० च्या पुढे. डोस कमी करावा लागला. सिगरेट सोडायची असेल, किंवा अचानक सुटणार असेल, जसं ॲडमिट झाल्यावर होतं, तर आधी डॉक्टरांना सांगा. हे आम्हाला सांगितलेलं होतं आणि आम्ही आनंदात विसरलो.

आज तो दिवसाला तीन तास घरून डेटा एंट्रीचं काम करतो. राहिलेली डिग्री राहिलीच. जुन्या मित्रांपैकी एकजण येतो. आवाज महिन्यातून काही दिवस असतात. नवीन माणसांसमोर त्याचा चेहरा अजून कोरा होतो, उत्साह कमी, आणि या लक्षणांवर औषधं फार कमी काम करतात हे मॅडमनी आधीच सांगितलेलं.

आता त्या प्रश्नाकडे. तीन वर्षं दर सोमवारी आणि मग दर महिन्याला त्याच बाकांवर बसून मी जे बघितलं त्यावरून सांगते. एक मुलगी यायची, हातावर जुन्या व्रणांच्या रेघा, बॉर्डरलाईन पर्सनॅलिटीचं (भावना सावरता न येण्याच्या आजाराचं) निदान, तिला डीबीटी नावाची थेरपी चालू होती. ज्या त्रासाला एकेकाळी डॉक्टरही हात टेकायचे त्यासाठी मार्शा लिनेहन यांनी ती तयार केली आणि १९९१ मध्ये तिचा पहिला मोठा अभ्यास आला. ती मुलगी आता येत नाही, तिची आई भेटली, म्हणाली गरज पडत नाही. एक आजोबा यायचे, डिमेन्शियाचे म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, त्यांचा आजार कुणी मागे फिरवू शकत नाही, पण त्यांची रात्रीची तडफड औषधं बदलून, खोलीतला उजेड आणि दिनक्रम बदलून थांबली, आणि त्यांची सून पहिल्यांदा सलग सहा तास झोपली. आणि एक तरुण, भावाच्याच वयाचा, तोही क्लोझापिनवर, पातळी बरोबर, दीड वर्ष झालं, फरक जवळजवळ नाही. त्याची आई माझ्याकडे बघायची तेव्हा मला आमचं बरं चाललेलं लपवावंसं वाटायचं. क्लोझापिनलाही दाद न देणारे बरेच जण असतात. त्याला सोबत ईसीटी देऊन बघतायत. त्या आईला मी ‘होईल बरं’ म्हणू शकले नाही, तिचा नंबर लागेपर्यंत शेजारी बसून राहिले.

त्यामुळे सगळे मानसिक आजार बरे होतात असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही आणि ज्यांच्या घरात होत नाहीयेत त्यांच्यावर तो अन्याय आहे, जणू त्यांनीच काही कमी केलं. पण कुणी ‘इलाज नाही’ म्हटलं तर तीन गोष्टी विचारा असं मात्र पोटतिडकीने सांगेन. आत्तापर्यंत कोणती औषधं, किती डोसमध्ये, किती आठवडे आणि खरंच घेतली होती का. या निदानासाठी अजून कोणता उपाय शिल्लक आहे जो इथे देत नाहीत पण दुसरीकडे देतात. आणि निदान बरोबर आहे याची शेवटची खात्री कधी केली होती. आमच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं २०२० च्या मध्यालाच तयार होती, क्लोझापिन सुरू झालं सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली सव्वादोन वर्षं भावाच्या विशीतली होती, ती परत मिळणार नाहीत. या औषधाला असा वर्षांनुवर्षं उशीर होणं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, म्हणजे आम्ही एकटे नव्हतो, पण त्याने बरं वाटत नाही.

हे सगळं लिहून काल रात्री त्याला वाचायला दिलं. त्याने दीड तास लावला, मध्ये एकदा उठून पाणी प्यायला. मी तो भाग काढू का म्हणून विचारलं, मी ओरडले होते तो, तर म्हणाला राहू दे. मग म्हणाला, ‘ताई, एक राहिलंय. पातळीची टेस्ट असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची असते, आधी घेतली तर आकडा चुकीचा येतो. ते लिही, लोक चुकतील.’

मी विसरले होते.